फणसोंबा, मायक्रोस्कोप आणि आजीला केलेले दोन फोन

मेकॅनिकलच्या पोराने बुरशीवर लेख लिहिलाय म्हटल्यावर संपादक मंडळातल्या मित्राने पहिला प्रश्न विचारला, "मेसच्या पोळीवरच्या का?" नाही बाबा. मेसच्या पोळीला अजून तेवढे दिवस कुणी शिल्लक ठेवलेलं नाही. हा लेख लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचा आहे. झाडाच्या खोडाला कानासारखी, फळीसारखी चिकटून असते ना, ती. ती नेमकी कोणती हे कसं ओळखायचं ते मी गेल्या वर्षी शिकलो. आधी चुकलो आणि मग शिकलो, त्यामुळे चुकीसकट सांगतो.

आमचं घर कुडाळ तालुक्यात. गोठ्याच्या मागे पणजोबांच्या वेळचा फणस आहे. त्याच्या खोडावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, एक कठीण तपकिरी बुरशी कित्येक वर्षं वाढते आहे. वरून काळपट, भेगाळलेली, हाताला चक्क लाकूडच. कोकणात फणसावरच्या या बुरशीला फणसोंबा म्हणतात. तान्ह्या मुलाची लाळ फार गळायला लागली की तो सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायची जुनी पद्धत आहे. गेल्या दिवाळीत चुलतभावाचं बाळ पाच महिन्यांचं होतं, आणि आजीपुढे दोन फणसोंबे होते. एक घरच्या झाडावरून काढलेला आणि दुसरा काकूने बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून आणलेला. दिसायला सख्खे भाऊ. आजीने सहज विचारलं, "तू शिकतंस मा एवढा? ह्यातलो खरो खयचो?"

मी दोन्हींचे काडेपेटीएवढे तुकडे कागदात गुंडाळून हॉस्टेलवर आणले.

पहिला गाढवपणा म्हणजे मी थेट मेटलर्जी लॅबमध्ये गेलो. आपल्याकडचा सगळ्यात महागडा मायक्रोस्कोप तिथेच. स्लाईड ठेवली, फोकस केलं, आणि चकाकता तपकिरी डाग सोडून काही दिसेना. लॅब असिस्टंट मामा म्हणाले, "अरे, याचा उजेड वरून पडतो. पॉलिश केलेल्या धातूवरून परत येतो तो बघायचा. तुला खालून उजेड पाहिजे." बरोबरच. बुरशीचा काप इतका पातळ करायचा की प्रकाश त्याच्या आरपार जाईल. असा मायक्रोस्कोप आपल्या कॉलेजात सिव्हिलच्या एन्व्हायर्न्मेंटल लॅबमध्ये आहे. सांडपाण्यातले जीवाणू बघायला ठेवलेला, ४०एक्स आणि १००एक्स ऑइल इमर्शन भिंगासकट. शिवाय तिथे एम.ई.चा एक सिनिअर उसाच्या चिपाडाने पाण्यातला काँगो रेड रंग काढायचा प्रोजेक्ट करत होता. तोच काँगो रेड अमोनियाच्या पाण्यात विरघळवला की बुरशीच्या पारदर्शक पेशींना लाल रंग देतो. त्याच्या बाटलीतले दहा मिलीलीटर मी चहाच्या बदल्यात मिळवले.

पहिली चाचणी मायक्रोस्कोपशिवायच होते. बुरशीच्या आतल्या गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या पाच टक्के द्रावणाचा थेंब टाकायचा. फणसोंबा ज्या फेलिनस गटातला, तो हायमेनोकीटेसी या कुळातला. या कुळातल्या बुरशीचा तपकिरी गर अल्कली लागताच काळा होतो आणि काळाच राहतो. मी थेंब टाकले. दोन्ही काळे! मला वाटलं, संपलं काम. पण वाचत गेलो तेव्हा कळलं की गॅनोडर्मा नावाच्या अगदी वेगळ्या गटाचा तपकिरी गरही असाच काळवंडतो. म्हणजे थेंबाने पांढऱ्या गराच्या बुरशी बाजूला काढता येतात, या दोघांत निवाडा होत नाही. निवाडा मायक्रोस्कोपमध्येच.

मग दुसरा गाढवपणा, आणि हा जास्त महागात पडला असता. एका पुस्तकात वाचलं की फेलिनसमध्ये सीटी असतात (कुकरची नव्हे, एक सीटा, अनेक सीटी). नळ्यांच्या आतल्या भिंतीवर उभे राहिलेले गडद तपकिरी, जाड भिंतीचे, टोकदार काटे. एकदा दिसले की विसरत नाहीत. बोरीचा काटाच जणू. घरच्या तुकड्याचे मी दोन काप पाहिले. सीटा नाही. लगेच आजीला फोन लावला आणि सांगितलं, घरचा फणसोंबा खरा नाही, टाकून दे. आजीने तो गायरीत टाकला. बाजारचा मात्र डब्यात राहिला, कारण त्याच्याबद्दल मी अजून काहीच बोललो नव्हतो.

शेजारच्या सायन्स कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना मी मोठ्या आनंदात हे सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. किती काप पाहिलेस? आणि सगळ्या फेलिनसना सीटी असतात, असं कुठे लिहिलंय? दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती. पुढे जे काही लिहितोय ते त्यानंतरच्या तीन आठवड्यांतलं, त्यांच्या देखरेखीखालचं.

आधी काप. कठीण बुरशी कोरडीच कापायला गेलं तर भुगा होतो. छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये मिनिटभर बुडवायचा म्हणजे आतली हवा निघते, मग पाण्यात मऊ होऊ द्यायचा. दाढीचं नवं कोरं ब्लेड घ्यायचं. जुन्याने तंतू कापले जात नाहीत, ओढले जातात. नळ्यांच्या दिशेने उभा काप घ्यायचा आणि दहा घेतले तर त्यातला सगळ्यात पातळ एकच ठेवायचा. तो अल्कलीच्या थेंबात ठेवून दोन सुयांनी तंतू मोकळे करायचे, वर कव्हरस्लिप, आणि पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच दाबायचं. अल्कली भिंगाला लागू देऊ नका, काच खराब होते. लागलीच तर तिथल्या तिथे पुसा. हे सांगतोय कारण त्या भिंगाच्या किमतीत आपली एका सेमिस्टरची मेस निघेल.

आता तंतू. बुरशीचं सगळं शरीर तंतूंचंच असतं, पण लाकडावरच्या कठीण बुरशीत तंतू तीन तऱ्हेचे असू शकतात. ही विभागणी ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९३२ साली मांडली. ते तेव्हा सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम करत होते. सिव्हिलवाल्यांना ती लगेच कळेल. पहिले जनक तंतू. पातळ भिंतीचे, मध्ये मध्ये पडदे असलेले. हे सगळ्यांत असतातच, कारण वाढ आणि बीजाणू यांच्यातूनच होतात. दुसरे सांगाड्याचे तंतू. जाड भिंतीचे, लांब, बहुधा फांद्या नसलेले. या मुख्य सळ्या. तिसरे बांधणीचे तंतू. जाड भिंतीचेच, पण आखूड आणि भरपूर फांद्या फुटलेले, सळ्यांना वेढून बसणारे. या आपल्या रिंगा आणि बाइंडिंग वायर. फक्त पहिले असतील तर एकतंतुक, पहिल्यासोबत दुसऱ्यांपैकी एक प्रकार असेल तर द्वितंतुक, तिन्ही असतील तर त्रितंतुक रचना. घरच्या तुकड्यात मला पारदर्शक जनक तंतू आणि तपकिरी सळ्या दिसल्या, रिंगा दिसल्या नाहीत. म्हणजे द्वितंतुक. बाजारच्यात सळ्यांना टोकाकडे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या होत्या आणि अधूनमधून गुंताही होता. पण हा भाग नवशिक्याला फसवतो हे कबूल करतो. सळीची फांदी कुठे संपते आणि रिंग कुठे सुरू होते यावर माझं आणि मॅडमचं एकमत व्हायला दोन दिवस लागले.

क्लॅम्प हा त्याहून सोपा आणि त्याहून फसवा. जनक तंतूच्या काही पडद्यांपाशी बाजूला छोटी कमान असते, पाइपला बायपास काढावा तशी. पेशी विभागताना प्रत्येक नव्या पेशीत दोन वेगवेगळी केंद्रकं पोचवायची असतात, त्यासाठीची ही सोय. गॅनोडर्मात क्लॅम्प असतात. रस्त्याकडेच्या ओंडक्यांवर दिसणाऱ्या पातळ चामड्यासारख्या ट्रॅमेटीसमध्येही असतात. आणि आंब्याच्या वाळक्या फांदीवर पांढरे केसाळ पंखे येतात ना, ज्यांच्या खालच्या पट्ट्या मधोमध चिरलेल्या असतात, त्या शायझोफायलम कम्यूनमध्येही. हायमेनोकीटेसी कुळात मात्र क्लॅम्प नसतात. तिथे साधे पडदे. म्हणजे माझ्या दोन तुकड्यांमधला फरक इथेच लागायला हवा होता.

पण "नसतात" हे बघायचं कसं? एखादी गोष्ट दिसली तर दिसली. दिसली नाही तर ती नाही, की मला सापडली नाही? क्वालिटी कंट्रोलच्या तासाला झोपणाऱ्यांनो, इथे जागे व्हा. समजा एखाद्या बुरशीत दर दहा पडद्यांमागे सरासरी एकावर क्लॅम्प आहे. मी दहा पडदे बघून थांबलो, तर एकही क्लॅम्प न दिसण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे जवळजवळ ३५ टक्के. तीनदा बघितलं तर एकदा फसणार. साठ पडदे बघितले तर हीच शक्यता ०.२ टक्क्याच्याही खाली येते. मी घरच्या तुकड्याचे साठ पडदे वहीत रेघा मारून मोजले. वेगवेगळ्या कापांतून मोजले, कारण क्लॅम्प सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात आणि एकाच कोपऱ्यातले साठ म्हणजे खरे साठ नव्हेत. साठांत एकही क्लॅम्प नाही. बाजारच्या तुकड्यात गंमत उलटी झाली. तो जुना, वाळलेला, पातळ तंतू बसून गेलेले. त्यात मला धड पंधरा पडदेही मिळाले नाहीत आणि क्लॅम्प एकही नाही. पहिल्या आठवड्यातला मी असतो तर "क्लॅम्प नाहीत, म्हणजे फेलिनस" असं लिहून मोकळा झालो असतो. गॅनोडर्मात जनक तंतू शोधायचे तर वाढत्या ताज्या कडेत शोधावे लागतात, आणि माझा तुकडा मधला होता.

सीटींचंही असंच काहीसं, पण तिथली चूक आणखी खोलातली होती. मॅडमनी सांगितल्यावर मी घरच्या तुकड्याचे आणखी वीस काप पाहिले. सीटा तरीही नाही. इथे माझं निरीक्षण चुकलेलं नव्हतं, नियम चुकला होता. सीटी दिसल्या तर हायमेनोकीटेसी हे जवळपास पक्कं. पण त्या कुळातल्या, अगदी जुन्या अर्थाच्या फेलिनसमधल्याही, बऱ्याच जातींना सीटी मुळातच नसतात. पूर्वी फेलिनस या एका मोठ्या पोत्यात भरलेल्या जाती आता अनेक वंशांत वाटल्या आहेत. त्यातला फुल्व्हीफोमेस हा वंश बिनसीटींचाच. म्हणजे हा नियम एकाच दिशेने चालतो. गणितात "जर" आणि "जर आणि तरच" यांत फरक न केल्याबद्दल आपले मार्क जातात. माझ्या बाबतीत खरा फणसोंबा गायरीत गेला.

शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे बीजाणू. त्यांचं माप घ्यायचं तर आधी आयपीसमधली पट्टी कॅलिब्रेट करावी लागते. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलीमीटरचे शंभर भाग, म्हणजे एक भाग दहा मायक्रॉन. आपल्या लॅबच्या मायक्रोस्कोपवर ४०एक्सला आयपीसचे चाळीस भाग आणि स्टेजचे दहा भाग जुळतात, म्हणजे एक भाग अडीच मायक्रॉन. १००एक्सला बरोबर एक मायक्रॉन. (हे लिहून मायक्रोस्कोपच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय, कृपया काढू नये.) मापं किमान वीस-तीस बीजाणूंची घ्यायची, पूर्ण वाढलेल्या आणि आडव्या पडलेल्या.

घरच्या तुकड्याचे बीजाणू लहान निघाले. जवळजवळ गोल, पिवळट तपकिरी, गुळगुळीत, भिंत जाडसर पण एकच, लांबी चार ते पाच मायक्रॉन. बाजारच्या तुकड्याचे त्याच्या जवळपास दुप्पट, आठ ते दहा मायक्रॉन लांब, अंड्यासारखे आणि एका टोकाला छाटल्यासारखे. ऑइल लावून १००एक्सला फोकस अगदी हळू फिरवला तेव्हा भिंत दुहेरी दिसली. बाहेरची पारदर्शक, आतली तपकिरी, आणि आतल्या भिंतीवरून बाहेरच्या भिंतीला टेकणारे बारीक खांब. ते खांब वरून बघताना ठिपक्यांसारखे दिसतात. स्लॅब, कॉलम, स्लॅब! हा गॅनोडर्मा. १८८१ साली कार्स्टनने हा वंश वेगळा काढला, आणि आजही ही दुहेरी भिंत हीच त्याची ओळख आहे. मी रात्री साडेनऊला लॅबमध्ये एकटाच ओरडलो, आणि वॉचमनकाका टॉर्च घेऊन आले. त्यांनाही दाखवलं. त्यांचं मत, "साबुदाण्यासारखं दिसतंय."

इथेही दोन खड्डे आहेत. गॅनोडर्माचे बीजाणू तपकिरी पावडरीसारखे इतके गळतात की आजूबाजूच्या पानांवर, दगडांवर, शेजारच्या दुसऱ्या बुरशीवरही थर बसतो. जडीबुटीवाल्याच्या पोत्यात दहा प्रकारचे तुकडे एकत्र असतात. म्हणून वरून खरवडलेले बीजाणू पुरावा म्हणून चालत नाहीत, नळीच्या आतून घेतलेलेच धरायचे. दुसरं, छाटलेलं टोक पेरेनिपोरिया नावाच्या बुरशीतल्या अनेक जातींतही असतं. पण तिचे बीजाणू रंगहीन, भिंत एकेरी, आणि मेल्झरच्या द्रावणात त्यातले पुष्कळ लालसर तपकिरी होतात.

मेल्झरचं द्रावण म्हणजे आयोडीन, पोटॅशियम आयोडाईड, क्लोरल हायड्रेट आणि पाणी. चेक संशोधक मेल्झर यांनी ते १९२४ साली वापरात आणलं. त्यात बीजाणू निळे-काळे झाले तर स्टार्चसारखी प्रतिक्रिया, लालसर तपकिरी झाले तर वेगळी, नुसते पिवळट राहिले तर काहीच नाही. ओंडक्यांवरच्या पातळ, नळ्या नसलेल्या स्टेरियमचे बीजाणू निळे होतात. आमच्या दोन्ही तुकड्यांनी काहीच प्रतिक्रिया दिली नाही, आणि दोघांच्या बाबतीत तेच अपेक्षित होतं. क्लोरल हायड्रेट विषारी आहे, ते मॅडमच्या लॅबमध्ये त्यांच्यासमोरच वापरलं. हॉस्टेलच्या खोलीत हे धंदे करू नका.

तर बाजारचा तुकडा गॅनोडर्मा. घरचा जुन्या अर्थाने फेलिनस, फुल्व्हीफोमेसच्या जवळचा. त्यापुढे जातीचं नाव मी लिहिणार नाही. बी. के. बक्षी यांचं १९७१ सालचं 'इंडियन पॉलिपोरेसी' घेऊन मी आठवडाभर बसलो, पण त्यानंतर नावं आणि वंश पुष्कळ बदलले आहेत. आज जातीपर्यंत जायचं तर डीएनए लागतो. बुरशीसाठी त्यातला आयटीएस हा तुकडा २०१२ साली बारकोड म्हणून सुचवला गेला. शिवाय पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या अजरेकर हर्बेरियमसारख्या ठिकाणी जपलेल्या नमुन्यांशी ताडून बघावं लागतं. मायक्रोस्कोपने वंशापर्यंत पोचता येतं. माझ्या प्रश्नाला तेवढं पुरेसं होतं.

दुसरा फोन अवघड गेला. आजीला म्हटलं, तू टाकलास तोच फणसोंबा होता आणि डब्यातला वेगळा निघाला. आणि हेही सांगितलं की ओळख पटली म्हणजे तो पाच महिन्यांच्या बाळाला चालतो असं होत नाही. मायक्रोस्कोपमध्ये ते दिसत नाही. लाळेसाठी डॉक्टरलाच विचारा, दोन्ही लावू नका. वहिनीने तसंही एव्हाना डॉक्टरला विचारलं होतं. दात येत होते, बाकी काही नव्हतं.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आधी टाकून दी म्हणालंस, आता म्हणतंस तोच खरो. ऱ्हवांदे. मगे माका सांग, त्या फणसाचा काय?"

हा प्रश्न मला तीन आठवड्यांत एकदाही पडला नव्हता. मी इंजिनीअर होणार, आणि झाडाकडे मी नमुना मिळण्याची जागा म्हणूनच बघत होतो. फेलिनस गटातल्या बुरशी लाकडात पांढरी कूज करतात, म्हणजे लिग्निन आणि सेल्युलोज दोन्ही खातात. तपकिरी कुजीत लिग्निन मागे राहतं, लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकतं आणि वजन फारसं घटायच्या आधीच ताकद जाते. पांढऱ्या कुजीत ताकद सहसा त्यापेक्षा सावकाश जाते, पण जाते. झाडावर फळासारखी दिसणारी बुरशी म्हणजे आतल्या मोठ्या जाळ्याचा बाहेर आलेला शेवटचा टप्पा. ती छातीएवढ्या उंचीवर कित्येक वर्षं दिसते आहे, म्हणजे आतला गाभा त्याहून जास्त वर्षं पोखरला जातो आहे. आणि त्या खोडापासून गोठ्याची कौलं फार तर चार मीटरवर, तीही वाऱ्याच्या दिशेला.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा हातोडीच्या दांड्याने खोड वाजवत वर-खाली गेलो. बुरशीच्या खाली हातभर आणि वर दोन हात आवाज ढोलासारखा, बाकी भरीव. गोठ्याकडच्या दोन जाड फांद्या उतरवायचं ठरलं. झाड तोडायला आजी तयार नाही, आणि उरलेली भरीव कड किती जाड आहे हे मोजल्याशिवाय मीही तसा आग्रह धरू शकत नाही. फांद्या पडल्या तेव्हा मोठीच्या बुंध्याशी मधोमध पांढुरका, मऊ, तंतुमय पट्टा होता, मुठीएवढा. त्याची एक चकती हॉस्टेलवर आणली आहे, बी ब्लॉक, खोली ३१. काप अजून करायचे आहेत. ज्याला ब्लेड धरता येतं त्याने शनिवारी चार वाजता एन्व्हायर्न्मेंटल लॅबमध्ये यावं. ब्लेड नवं आणावं.